खिशातलं बोर आणि भाकरीतलं कुलूप

मुलांनो, मार्गशीर्षातली अमावास्या उजाडली, की धाराशिव जिल्ह्यातली गावं सकाळीच ओस पडायला लागतात. शाळेला सुट्टी, बाजारपेठ थंड, घराघराला कुलूप! मग माणसं गेली कुठं? सगळी शेतात. त्या दिवशी वेळा अमावास्या असते ना! आपल्या बोलीत येळवस. शेतात कडब्याची कोप उभी करायची, पांडवांची पूजा मांडायची आणि मग पंगतीला बसायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि वर मडक्यातली गार आंबील.

आणि जेवण उरकलं, की मुलं कुठं पळतात? बांधावरच्या बोरीकडे! एकजण फांदी हलवतो, दोघं खाली पडलेली बोरं वेचतात, एखादीच्या फ्रॉकला काटा अडकतो, एखाद्याच्या डोक्यात बोरांचा सडा पडतो. संध्याकाळी घरी येईपर्यंत सगळ्यांचे खिसे टम्म फुगलेले असतात.

आता आपण त्या खिशात हात घालू या. ही बोरं नुसती जिभेची गंमत आहे, की तिच्यात काही दम आहे?

बेरी बेरी म्हणतात ती हीच का?

मोठ्या शहरातल्या दुकानात गेलात, तर काचेआड ब्लूबेरीची छोटीशी डबी दिसते. वाळवलेल्या क्रॅनबेरीची पाकिटं दिसतात. त्यांच्यावर ‘सुपरफ्रूट’ असं ठसठशीत छापलेलं असतं, आणि किंमत पाहिली की बाबा डबी हळूच जागेवर ठेवून देतात! ‘सुपरफ्रूट’ हा शब्द मात्र शास्त्राच्या पुस्तकातला नाही, तो जाहिरातीतला आहे. अमुक फळ सुपर आणि तमुक फळ साधं, असा शिक्का मारणारं शास्त्रीय मोजमाप नाही.

गंमत अशी, की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं आपलं बोर ‘बेरी’ नाहीच. शास्त्रात बेरी म्हणजे सगळा गर मऊ आणि त्यात बिया, असं फळ. त्या हिशेबानं द्राक्ष बेरी आहे, टोमॅटो बेरी आहे, केळंसुद्धा बेरी आहे! बोरात मात्र गराच्या मधोमध टणक आठळी असते. म्हणजे ते आंब्याच्या जातकुळीचं, आठळीचं फळ. बाजारात आणि बोलण्यात मात्र अशा छोट्या, तोंडात टाकायच्या फळांना सगळे सरसकट बेरी म्हणून मोकळे होतात. मग आपणही बोराला आपली देशी बेरी म्हणायला काय हरकत आहे?

वजनकाट्यावर बोर

भारतीय अन्नपदार्थांत काय काय असतं, ते मोजून त्याचे तक्ते करण्याचं काम हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था करते. तिच्या जुन्या, प्रसिद्ध तक्त्यात बोरही आहे. १०० ग्रॅम गर घेतला, तर त्यात सुमारे ८० ग्रॅम पाणीच असतं. साखर आणि इतर पिष्टमय पदार्थ १७ ग्रॅमच्या आसपास. त्यातून ऊर्जा मिळते साधारण ७५ कॅलरी. प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत, आणि लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम.

“एवढंच?” असं म्हणाल तुम्ही. थांबा! खरी गोष्ट तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आहे. ‘क’ जीवनसत्त्व, सुमारे ७५ मिलिग्रॅम!

हा आकडा मोठा की लहान? शेजारी दुसरी फळं ठेवून पाहू. तेवढ्याच सफरचंदात ‘क’ जीवनसत्त्व १ ते ५ मिलिग्रॅम असतं. ब्लूबेरीत १० च्या आसपास. संत्र्यात ३० ते ५०. म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना आपण सफरचंदं नेतो आणि बांधावरचं बोर बिचारं बांधावरच राहतं, पण या एका बाबतीत बोरानं सफरचंदाला कधीच मागं टाकलंय. अर्थात बोराच्याही पुढं धावणारे आहेत. पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, आणि आवळ्याची तर बातच सोडा! तेही दोघं आपलेच.

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला साधारण ५० ते ७० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागतं. उमराण जातीची मोठी बोरं असतील तर चार-पाच, आणि गावरान बारकी असतील तर चांगली मोठी ओंजळ. एवढ्यात दिवसाची बरीचशी गरज भागते. जात कोणती, फळ किती पिकलंय, तोडून किती दिवस झाले, यावर आकडा थोडा खाली-वर होतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

ब्लूबेरीला नावं ठेवायची नाहीत हं. तिच्या निळ्या-जांभळ्या रंगद्रव्यांचे स्वतःचे गुण आहेत. पण जे आपल्या बांधावर आहे ते कमी दर्जाचं आणि जे डबीत बंद होऊन आलं ते भारी, हा समज काट्यावर टिकत नाही.

शेळीला जमतं, आपल्याला नाही!

तुमच्या जिल्ह्याचं नाव देशभर नेणारी एक काळीभोर मंडळी आहे. ओळखलंत? उस्मानाबादी शेळी! २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीच्या जातीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. काटक, कमी चाऱ्यात भागवणारी आणि पुष्कळदा जुळी करडं देणारी. ही शेळी बोरीचा पाला कशी मिटक्या मारत खाते, पाहिलंय ना? मागच्या दोन पायांवर उभी राहून, काटे चुकवून, नेमकी पानं ओरबाडते.

या शेळीकडे एक विद्या आहे, जी तुमच्या-माझ्याकडे नाही. ती ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करते! गाय, कुत्रा, मांजर यांनाही ते येतं. माणसाच्या पूर्वजांनी मात्र ही विद्या कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावली. माकडं, गिनीपिग आणि बरीचशी वटवाघळं आपल्याच रांगेत आहेत. त्यामुळे शेळीनं बोर नाही खाल्लं तरी तिचं चालतं. आपलं चालत नाही. आपल्याला हे जीवनसत्त्व रोजच्या रोज ताटातूनच मिळवावं लागतं.

ते मिळालं नाही तर काय होतं, हे खलाशांनी भोगलंय. महिनोन्‌महिने समुद्रावर, ताजी फळं-भाजी नाही. मग हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, दात हलायचे, जुन्या जखमा उघडायच्या, आणि माणसं मरायची. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरनं ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा आजारी खलाशी निवडले. दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगवेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी चटकन बरी झाली! पण त्या फळांत नेमकं काय होतं, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. ज्यांनी ते द्रव्य वेगळं काढलं, त्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

भाकरीतलं कुलूप

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आई-बाबांनो, तुम्हीही जरा जवळ या.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. शंभरात सत्तावन्न जणी! जिना चढताना धाप लागणारी ताई, वर्गात सारखी पेंगणारी मैत्रीण, दुपारनंतर गळून जाणारी आई... आपण म्हणतो, “आळशी झालीय.” कितीदा तो आळस नसतो, रक्तातलं लोह कमी झालेलं असतं.

मग बोरात लोह आहे का? वर पाहिलं, अगदी नावापुरतं. मग बोराचा इथं संबंध काय?

संबंध असा. लोह आपल्या भाकरीत आहे. १०० ग्रॅम बाजरीत ६ ते ८ मिलिग्रॅम आणि ज्वारीत ४ च्या आसपास लोह असतं. हरभऱ्यात आहे, पालेभाजीत आहे. पण धान्या-कडधान्यातलं हे लोह असं कुलूपबंद असतं, की आपल्या आतड्याला त्यातलं थोडंच घेता येतं. धान्यात फायटेट नावाचं एक द्रव्य असतं, ते लोहाला घट्ट धरून ठेवतं. बाकीचं लोह पोटात येतं तसं निघून जातं.

या कुलपाची एक किल्ली म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व! ते लोहाचं रूप बदलतं, त्याला विरघळलेलं ठेवतं आणि आतड्याला ते शोषून घेणं सोपं होतं. अट एकच, किल्ली आणि कुलूप एकाच वेळी पोटात हवं. सकाळी बोरं आणि रात्री भाकरी, असं केलं तर हा उपयोग होत नाही. जेवताना किंवा जेवण झाल्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेलं पाहिजे.

आता पुन्हा येळवसीच्या पंगतीकडे पाहा. बाजरीचे उंडे, हिरव्या दाण्यांची भज्जी, आणि जेवण झाल्या झाल्या बोरीकडे धाव! भोगीच्या दिवशी तिळाची बाजरीची भाकरी आणि कित्येक घरी मिसळीच्या भाजीत बोरं. संक्रांतीला सुगडात हरभरा, गव्हाची ओंबी आणि शेजारी बोर. आपल्या आजीनं प्रयोगशाळा पाहिली नव्हती. हंगामात जे शेतात होतं ते तिनं एकत्र वाढलं, आणि ती जोडी जमून गेली!

बोरांचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. एरवी काय? एरवी भाकरीवर लिंबू पिळा, पेरूची फोड घ्या, कच्चा टोमॅटो चालेल. आणि जेवणाला लागूनच चहा? तो मात्र टाळा. चहातली तुरट द्रव्यं कुलूप आणखी घट्ट करतात. तास-दीड तासानं प्या. एवढं करूनही कुणी सारखं दमत असेल, तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. शाळेत मिळणारी लोहाची गोळी बोरं खाल्ली म्हणून टाळायची नाही.

जे खरं नाही, तेही सांगू

बोराचं कौतुक करायला लागलं, की माणसं काहीही सांगायला लागतात. म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली. बोरं खाल्ली म्हणजे सर्दी होणारच नाही, हे खरं नाही. ‘क’ जीवनसत्त्वावर पुष्कळ अभ्यास झालेत. ते नेहमी घेतल्यानं साध्या माणसांची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आटोपते.

दुसरी. “बोरं खाऊ नकोस, खोकला होईल,” असं आजी म्हणते. सर्दी-खोकल्याचं मूळ बहुतेक वेळा विषाणू असतात, बोर नव्हे. पण कच्ची, आंबट-तुरट बोरं खूप खाल्ली की घसा खवखवतो, आणि धुळीतली बोरं न धुता खाल्ली तर पोट बिघडू शकतं. म्हणजे आजी अर्धी बरोबर! पिकलेली घ्या, धुऊन घ्या, आणि फोडून पाहा. आत फळमाशीची अळी वळवळत असेल, तर ते बोर तिचं!

तिसरी. वाळलेलं बोर आणि ताजं बोर सारखं नाही. उन्हात वाळवताना ‘क’ जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. पाणी उडून गेल्यानं साखर मात्र दाट होते. जत्रेतलं बोरकूट चवीला खाशी चीज, पण ते ताज्या बोराची जागा घेत नाही. वर त्यात मीठही भरपूर असतं.

चौथी, आणि ही नीट वाचा. बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे ओततात. सगळी पोरं ते गोळा करायला तुटून पडतात. किती मजा! पण पाच वर्षांच्या आतल्या मुलानं अख्खं बोर तोंडात टाकलं, तर आठळी श्वासनलिकेत अडकू शकते. हरभऱ्याचंही तेच. म्हणून ओतलेलं सगळं लगेच उचलून घ्यायचं आणि बाळाला आठळी काढून गरच द्यायचा. हे काम मोठ्या ताई-दादांचं!

उन्हाळ्यात झोपणारं झाड

फळाचं झालं, आता झाडाकडे वळू. ‘ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दोघी काटेरी, दोघी एकमेकींना पुरत्या ओळखून! आणि दोघी पाण्यावाचून तग धरणाऱ्या.

बोरीची युक्ती पाहा. तिचं सोटमूळ जमिनीत खोल खोल जातं. पान उलटं करून बघा, खालच्या बाजूला पांढुरकी मऊ लव असते. या लवेमुळे पानातलं पाणी कमी उडतं. आणि कडक उन्हाळा आला, की बोर सरळ पानं गाळते आणि झोपून जाते. पाणीच नाही ना? मग खर्चही नाही! म्हणूनच बागाईतदार बोरीची छाटणी उन्हाळ्यातच करतात. पावसाबरोबर नवी फूट येते, त्या नव्या फांद्यांवर पावसाळ्यात फुलं येतात आणि थंडीत फळं पिकतात. सगळा कारभार पावसाच्या पाण्यावर!

धाराशिवकरांना हे झाड का मोलाचं, ते वेगळं सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आजी-आजोबांनी भोगलाय. १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. जिथं पावसाचा भरवसा नाही, तिथं कमी पाण्यात फळ देणारं झाड म्हणजे घरचा विमाच. राजस्थानात जोधपूरला १९५९ पासून केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी वाळवंटी भागासाठी बोरावर पुष्कळ काम केलंय. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेला जोडून फळबागा लावायला मदत सुरू झाली, त्या फळझाडांतही बोर होतंच. शेजारच्या सोलापूरच्या बाजारात थंडीत बोरांचे ढीग लागतात. उमराण, चमेली, चण्यामण्या अशी नावं तिथं ऐकायला मिळतात. अलीकडे हिरवं, मोठं ॲपल बोरही आलंय.

आणि गावठी बोरीवर उमराण आणता येतं, बरं का! गावठी बोरीच्या कोवळ्या फांदीवर सालीत खाच घेऊन तिथं उमराणचा डोळा बसवतात, पट्टी घट्ट बांधतात. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा फुटला, की वरचा गावठी भाग कापून टाकायचा. मुळं गावठी, काटक. फळ मात्र उमराणचं, मोठं आणि गोड. पुढच्या वेळी शेतात गेलात की जाणत्या शेतकरीकाकांकडून हे काम बघून घ्या.

बांधावरची एक बोर

नळदुर्गच्या किल्ल्यापाशी जी नदी वाहते, तिचं नाव बोरी. बोरगाव नावाची गावं तर महाराष्ट्रात किती तरी. पण नावात बोर आणि बांधावर मात्र काहीच नाही, असं होऊ लागलं तर? बांध कोरून अरुंद केले जातात, काटे टोचतात म्हणून बोर तोडली जाते, ट्रॅक्टर वळवायला अडते म्हणून मुळासकट काढली जाते. एक झाड गेलं, की शेळीचा पाला गेला, कुंपणाच्या काट्या गेल्या, पाखरांचा निवारा गेला, आणि येळवसीच्या दिवशी तुमच्या धाकट्या भावंडांचे खिसे रिकामे राहिले.

म्हणून मोठ्यांना एवढंच विचारा, “आपल्या बांधावर बोर आहे का?” असेल तर ती राहू द्या म्हणावं. नसेल तर आठळ्या आहेतच की तुमच्याकडे! पावसाळ्याच्या तोंडावर बांधाच्या कडेला चार आठळ्या पेरा. आठळी कठीण असते, म्हणून हलक्या हातानं जरा तडकवून आतलं बी पेरलं तर लवकर उगवतं. हातोडी मोठ्यांच्या हातात, तुम्ही फक्त बी वेचायचं!

करून पाहा : निळ्या रंगाची जादू

साहित्य : चमचाभर तांदळाचं पीठ, औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन, चार-पाच ताजी बोरं, तेवढ्याच वजनाचं बोरकूट, दोन पेले. बरोबर एक मोठं माणूस हवंच.

पीठ दोन कप पाण्यात कालवून उकळा आणि थंड होऊ द्या. त्यातलं दोन चमचे पेज प्रत्येक पेल्यात घ्या, वर अर्धा पेला पाणी घाला. आयोडीनचा एक-एक थेंब टाका. पाणी निळं-काळं होईल. आता ताज्या बोरांचा गर थोड्या पाण्यात कुस्करून फडक्यानं गाळून घ्या. बोरकूटही तेवढ्याच पाण्यात भिजवून गाळा. एका पेल्यात ताज्या बोराचा रस थेंब थेंब टाका, दुसऱ्यात बोरकुटाचं पाणी. मोजत राहा. निळा रंग उडायला कुणाचे किती थेंब लागले? ‘क’ जीवनसत्त्व आयोडीनचा निळा रंग घालवतं. म्हणून ज्याचे थेंब कमी लागले, त्यात ते जास्त! हाच प्रयोग लिंबू, पेरू आणि सफरचंदाच्या रसावर करा आणि वहीत तक्ता मांडा.

प्रयोगातलं काहीही चाखायचं नाही, आणि आयोडीनचे डाग कपड्यांवर पाडायचे नाहीत. नाही तर ‘क’ जीवनसत्त्वाऐवजी आईचा धपाटा मिळायचा!

तर दोस्तांनो, यंदाच्या येळवसीला पंगतीतून उठलात, की थेट बोरीकडे पळा. पण खिसा भरताना घरी राहिलेल्या आजीसाठी आणि सारख्या दमणाऱ्या ताईसाठीही दोन मुठी जास्त घ्या. आणि त्यांना सांगा, “नुसती नको, भाकरीबरोबर खा!”